वाढदिवसाच्या यादीतलं पहिलं नाव

नमस्कार बाई,

मी भांडुपला राहते. आमचा टॉवर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला आहे. म्हणजे आमची विक्रीची इमारत आणि मूळ रहिवाशांची इमारत एकाच प्लॉटवर, मध्ये भिंत, गेट वेगवेगळी. मुलगी ओवी जवळच्या खासगी इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. तिची जिवलग मैत्रीण सानिका भिंतीपलीकडच्या इमारतीत राहते. तिला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालाय. सानिकाची आई आमच्याच टॉवरमध्ये तीन घरी पोळ्या करते, आमच्याकडे नाही.

पुढच्या रविवारी ओवीचा वाढदिवस क्लबहाऊसमध्ये आहे. ओवीने यादी केली, पहिलं नाव सानिकाचं. मिस्टर म्हणतात बोलावू नको, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, गिफ्ट कुठून आणतील. सासूबाई काही बोलत नाहीत, पण चेहरा बोलतो. त्यात वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर विषय निघालाय की आरटीईच्या मुलांची वेगळी तुकडी करा असं शाळेला लेखी द्यायचं. इंग्रजी बिघडतं, शिव्या शिकतात, शिवाय आमच्या फीवर शिकतात, असं म्हणणं. ओवी परवा खरंच एक शब्द बोलली. सह्या गोळा होतायत, माझी अजून झालेली नाही. दोघी-तिघी तर पुढच्या वर्षी मुलांना आयबीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, शाळेत नेणार म्हणतात. आम्ही दोघं मराठी शाळेत शिकलो, वर्गात सगळ्या थरांतली मुलं होती, कुणाचं काही बिघडलं नाही. पण तो काळ वेगळा होता ना? मी काय करू?

— ओवीची आई

(नावं बदलली आहेत.)

ओवीच्या आई,

पत्रात ‘बाई’ म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. ३४ वर्षं शाळेत शिकवल्यावर ‘मॅडम’ कुणी म्हटलं की मी अजून मागे वळून बघते.

आधी सहीचं बोलू, कारण वाढदिवसाला अवकाश आहे आणि तो कागद उद्याही तुझ्यापुढे येईल. सही करू नकोस. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याखालच्या नियमांत हे सरळ लिहिलंय की या २५ टक्क्यांतल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही २५ टक्क्यांची तरतूद कायम ठेवली. आपल्या राज्य सरकारनेच २०२४ मध्ये पळवाट काढून पाहिली होती. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही मुलं घ्यायची गरज नाही, असा नियम केला. मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही अशी जागा शोधून दाखव! उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो नियम रद्दच केला. तेव्हा तुमच्या मुख्याध्यापिका शहाण्या असतील तर तो अर्ज हातातही घेणार नाहीत. ग्रुपवर भांडत बसू नकोस. ‘हे नियमात बसत नाही, माझी सही नाही’ एवढंच लिही. आणखी दोघी-तिघी अशाच थांबून राहिल्या असतील, पहिली कोण बोलते याची वाट बघत.

‘आमच्या फीवर शिकतात’ हेही अर्धवट आहे. या मुलांपोटी सरकार शाळेला पैसे देतं. महाराष्ट्रात बरीच वर्षं तो आकडा एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये होता. ते पैसे वेळेवर येत नाहीत, थकबाकी साचते, ही शाळांची तक्रार खरी आहे. पण तो हिशेब मंत्रालयाशी करायचा. तो सात वर्षांच्या पोरीच्या बाकावर कशाला मांडायचा?

वेगळ्या तुकडीची मागणी नवीन आहे असं समजू नकोस. कोल्हापूर संस्थानात अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्यांचं भलं व्हावं म्हणूनच काढलेल्या. शाहू महाराजांनी १९१९ साली त्या बंद केल्या आणि ती मुलं सगळ्यांच्या शाळेत घ्यायला लावली. भलं करायच्या हेतूनेही वेगळं बसवायचं नाही, हे एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायला ठेवली आणि एका पंगतीत जेवायला बसवली. त्या काळात गावागावांत पंगतीवरून मोठा आरडाओरडा व्हायचा. धडा एकत्र वाचण्याला लोक फारसं हरकत घेत नाहीत गं. ताट शेजारी आलं की घेतात.

आता तुझं ते वाक्य. ‘आम्ही मराठी शाळेत शिकलो, सगळ्या थरांतली मुलं होती.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी थोडी शरमते.

माझी शाळा गिरणगावातली, अनुदानित, मराठी. हजेरीपट वाचलास तर खूश होशील. गिरणीत साचे चालवणाऱ्याची मुलगी, बँकेतल्या साहेबाचा मुलगा, भाजीवालीची दोघं, एका डॉक्टरांचे जुळे. पण आम्ही तुकड्या पाडायचो गुणांवर. अ, ब, क, ड. आता गुण कुणाला पडतात? ज्याच्या घरी संध्याकाळी दिवा लावून बसता येतं त्याला. दहा बाय बाराच्या खोलीत रातपाळीचा बाप दिवसा झोपलेला असतो, तिथे पोर गॅलरीत बसून गणितं करतं आणि अंधार पडला की वही मिटतं. म्हणजे अ तुकडीत डॉक्टर, साहेब आणि चार हुशार गरीब, ड मध्ये उरलेले. शाळा एक, फाटक एक, प्रार्थना एक, आणि आत चार शाळा. ड चा वर्ग मुतारीच्या बाजूला होता. मला सलग अकरा वर्षं अ तुकडी मिळाली आणि तो मी माझा मान समजले.

एकदा ड मधली एक मुलगी निरोप घेऊन माझ्या वर्गात आली. दाराबाहेर चपला काढल्या, मग आत आली. माझ्या वर्गातली सगळी मुलं पायात चपला घालून बसली होती. मी निरोपाचा कागद वाचला, सही केली, परत दिला. चपलांबद्दल एक शब्द बोलले नाही. काय बोलायचं तेच सुचलं नाही. ती आता पन्नाशीची असेल.

म्हणून म्हणते, जुन्या शाळांची आरती ओवाळू नकोस. पण त्यांतली एक गोष्ट आज हरवली, ती मात्र मोठी होती. साहेबाचा मुलगा अ मध्ये असला तरी नळ तोच होता, छपराची गळती तीच होती. गळती झाली की साहेब मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन आवाज चढवायचे आणि पत्रे ड च्याही वर्गावरचे बदलले जायचे. मग साहेबांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, त्यांच्यामागून डॉक्टरांनी. ज्यांच्या बोलण्याला वजन होतं ते पालक एकेक करून गेले. पालिकेच्या शाळा या मुंबईत आठ भाषांतून चालतात. इतक्या भाषांत मुलं शिकवणारी दुसरी पालिका मला माहीत नाही. तरी त्यांतल्या बहुतेक वर्गांत आता फक्त गरिबाचंच मूल दिसतं, आणि त्याच्या आईने तक्रार केली तर तिला बसायला खुर्चीही मिळेल की नाही, शंका आहे. देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात हेच सांगितलं होतं, की आपलं शिक्षण समाजातले थर जवळ आणण्याऐवजी लांब नेतंय. उपाय म्हणून वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी एकच शाळा सुचवली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपले कोल्हापूरकडचे. अहवालाचं कौतुक खूप झालं, आणि कौतुक करणाऱ्यांची मुलं कुठे शिकली ते विचारू नकोस.

तुझ्या ग्रुपवरच्या दोघी-तिघी आयबीकडे निघाल्या, ती याच जिन्याची पुढची पायरी. जाऊ देत. त्यांच्या मुलांना तिथे बऱ्याच गोष्टी छान शिकवतील. फक्त वर्गातला प्रत्येक जण विमानाने फिरायला जातो, हे त्या मुलांना जगाचं सर्वसाधारण चित्र वाटेल.

आता इंग्रजी आणि शिव्या. या बाबतीत तुमच्या ग्रुपवरच्या बायका अगदीच खोटं बोलत नाहीत, म्हणून हे नीट सांगते. दिल्लीत सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या खासगी शाळांना हा कायदा येण्याआधीच, २००७ पासून, गरीब मुलं घ्यावी लागत होती. गौतम राव नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या सुखवस्तू मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेल्या या मुलांचं हिंदी आणि गणित होतं तसंच राहिलं, इंग्रजीचे गुण किंचित उतरले. आणि हो, शिव्या थोड्या वाढल्या. बाकीची बेशिस्त मात्र वाढली नाही.

दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही ऐक. रावांनी रिलेची शर्यत घेतली आणि सुखवस्तू मुलांना जोडीदार निवडायला सांगितलं. एका बाजूला वेगाने पळणारा पण गरीब मुलगा, दुसऱ्या बाजूला हळू पळणारा पण आपल्यातला. जिंकलं तर रोख बक्षीस. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं कधी नव्हती त्यांतल्या कितीतरी जणांनी बक्षिसावर पाणी सोडलं, पण त्या मुलाचा हात धरला नाही. ज्यांच्या वर्गात होती, त्यांतली मुलं वेगवान गड्याकडे जास्त प्रमाणात गेली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरावरून पाडत, त्यामुळे कुणाच्या शेजारी कोण आलं हा निव्वळ योगायोग होता. त्यातून कळलं की फरक पडला तो शेजारी बसून, रोज बोलून. नुसतं एका छताखाली असण्याने तेवढा पडला नाही. तुमच्या ग्रुपला नेमका तो बाकच तोडायचाय.

ओवीचं इंग्रजी तू सुधारू शकतेस. रात्री झोपताना एक गोष्टीचं पुस्तक, महिन्याभरात फरक दिसेल. शब्दाचं म्हणशील तर, पत्रात तू तो लिहिलेला नाहीस, पण दुसरीतल्या मुलींचे शब्द मला ठाऊक आहेत. ‘हा आपल्या घरी बोलायचा नाही’ एवढं पुरतं. ‘सानिकाकडून शिकलीस ना?’ हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नकोस. शिव्या तुमच्या टॉवरच्या पार्किंगमध्येही ऐकू येतात, गाडी लावण्यावरून, चांगल्या इंग्रजीत.

आता रविवार. मिस्टरांना सांग, अवघडल्यासारखं होईल हे खरंय. होतंच. पण कुणाला, ते त्यांनी एकदा स्वतःशी तपासावं. मला वाटतं सानिका केक बघून पाच मिनिटांत खेळायला पळेल. अवघडतील ती मोठी माणसं, त्यातही तुमच्या बाजूची जास्त.

तुमच्या टॉवरमध्ये कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी आहे का? तू लिहिलेलं नाहीस, पण असेल असं धरते. गेटवर त्यांची वहीत नोंद होत असेल, पिशवी बघत असतील. सानिकाची आई रोज सकाळी त्या लिफ्टने वर जाते. रविवारी मुलीचा हात धरून, चांगली साडी नेसून, ती त्याच गेटवर येईल आणि वॉचमन सवयीने वही पुढे करेल. मुलीच्या देखत. हे व्हायचं नसेल तर तू स्वतः खाली गेटवर जा. फोन करून ‘सोडा त्यांना’ म्हणू नकोस, उभी राहा. क्लबहाऊसमध्ये ती ज्या तीन घरी पोळ्या करते त्यांतल्या बायका भेटतील. कुणीतरी प्रेमानेच म्हणेल, ‘अगं, तू इथे? जरा हे ताट तिकडे नेतेस का?’ तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर तू बसलेली हवीस.

बोलावणं व्हॉट्सअॅपवर धाडू नकोस. भिंतीच्या पलीकडे जा, ओवीला घेऊन. दार ठोठाव, चहा विचारला तर घे. ‘वेळ नाही’ म्हणू नकोस, तो तुसडेपणा वाटतो. त्यांचं घर तीनशे चौरस फुटांचं असेल. ‘किती छान नीटनेटकं ठेवलंय’ हे वाक्य गिळून टाक. आपल्या बरोबरीच्या कुणाकडे गेल्यावर आपण असं म्हणतो का? मुली काय काय उद्योग करतात ते बोला, क्लासटीचरबद्दल बोला. क्लासटीचरची तक्रार करण्यात दोन आयांची जेवढी लवकर गट्टी जमते तेवढी दुसऱ्या कशात जमत नाही.

गिफ्टचं सोपं आहे. सगळ्यांनाच सांग, गिफ्ट नको, प्रत्येकाने ओवीसाठी एक चित्र काढून आणायचं. सगळ्यांना हं, फक्त सानिकाला नाही. रिटर्न गिफ्टही सगळ्यांना एकच. तिच्या पिशवीत गुपचूप दोन वह्या जास्त घालायचा मोह होईल. चांगल्या बायकांना होतोच. आवर. घरी गेल्यावर मुली पिशव्या उघडून ताडून बघतात.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. सानिकाला एकदा खाली खेळून झाल्यावर घरी आण, दोघींना सासूबाईंपुढे पाढे म्हणायला बसव. आमच्या पिढीतल्या बायका पाढे बरोबर म्हणणाऱ्या मुलीवर फार काळ रागावू शकत नाहीत.

सानिकाला प्रवेश कुठल्या कारणाने मिळाला हे कुणाला विचारू नकोस. आर्थिक दुर्बल गटासाठी वर्षाला एक लाखाची उत्पन्नमर्यादा असते, काही सामाजिक गटांना ती अट नसते. तिच्या आईने उत्पन्नाचा दाखला काढला की जातीचा, यात ओवीच्या मैत्रीचा काही संबंध येत नाही. आणि ‘आरटीईची मुलगी’ हा शब्द घरात वापरूच नकोस. मुलं तो पाठ करतात आणि भांडण झालं की बरोबर वेळेवर काढतात.

एक गोष्ट लांबची आहे, पण आत्ताच कानावर घालते. हा फुकट प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीत सानिकाला पूर्ण फी पडेल. आठ वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलींपैकी एक जूनमध्ये येतच नाही, आणि दुसरीला घरात कुणी कारण सांगत नाही. तुझ्याकडे सहा वर्षं आहेत. दरवर्षी पालक-शिक्षक संघ बनतो, त्यातून सोडतीने कार्यकारी समिती होते आणि फी ठरवताना शाळेला तिच्यापुढे यावं लागतं. फीवरचा तो कायदा २०११ चा. बहुतेक आया त्या समितीत जायला कंटाळतात, तू नाव दे. नववीला या मुलांना सवलत द्यायचा विषय आजपासून दर बैठकीत काढ. पहिल्यांदा हसतील. गणवेश, पुस्तकं, सहल यांचे पैसे या मुलांकडून घेतले जातात का, तेही तिथेच विचार. आणि शाळेने सहलीचे फोटो टाकले की त्यात कोण दिसत नाही ते मोज.

केक अंड्याचा की बिनअंड्याचा ते आधी सगळ्यांना विचारून घे, ऐन वेळी नेमका त्यावरूनच गोंधळ होतो. आणि सानिकाचा वाढदिवस कधी असतो? ओवीला नक्की माहीत असेल. विचारून कॅलेंडरवर लिहून ठेव. त्या दिवशी बोलावणं आलं तर तिच्या घरी तुम्ही तिघांनी जायचंय, मिस्टरांनीसुद्धा.

— बाई